‘आवाज येतो’ एवढ्यावर गाडी दुरुस्त होत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

वेग घेताना गाडीतून येणारे अनोळखी आवाज आणि ते शोधण्याची रूढ पद्धत यांबद्दल हे पत्र लिहीत आहे. गेल्या काही महिन्यांत माझ्या गाडीचे पुढचे एक व्हील बेअरिंग आणि इंजिनचे एक माउंटिंग (इंजिनला तोलून धरणारा रबरी आधार) बदलण्यात आले. काढलेले दोन्ही भाग मी मागून घेतले आणि तपासले, तेव्हा ते धडधाकट निघाले; ज्या आवाजासाठी ते बदलले तो मात्र होता तसाच राहिला. गॅरेजचे नाव देण्याचे कारण नाही, कारण तिथे कोणी मला फसवले असे माझे म्हणणे नाही. चूक झाली ती पहिल्याच मिनिटाला, जॉब कार्ड भरताना. मी पाच मिनिटे सांगत होतो आणि समोरच्या तरुणाने त्यातून दोनच शब्द टिपले : ‘आवाज येतो’.

मराठीत आवाजांसाठी इतके नेमके शब्द हाताशी असताना असे व्हावे, याचे मला नवल वाटते. सैल पत्रा खडखडतो, झिजलेले बेअरिंग घरघरते, सैल पट्टा किंचाळतो, तिरका धावणारा पट्टा चिवचिवतो, फाटलेल्या होजमधून हवा फुसफुसते, भाराखाली दमलेले पेट्रोल इंजिन किणकिणते आणि माउंटिंग गेले असेल तर क्लच सोडताना दणका बसतो. यांतला प्रत्येक शब्द गाडीच्या वेगळ्या कोपऱ्याकडे बोट दाखवतो. ते सगळे ‘आवाज’ या एकाच पोत्यात कोंबले की मेकॅनिकच्या हाती अंदाजाखेरीज काही उरत नाही, आणि अंदाजानेच काम करायचे म्हटले की तो सर्वांत आधी तेच बदलतो जे त्याने त्या आठवड्यात इतर गाड्यांमध्ये बदललेले असते.

मी वाहनांचा मेकॅनिक नाही. नोकरीची बहुतेक वर्षे कारखान्यातील पंप, पंखे आणि विद्युत मोटारींच्या देखभालीत गेली. फिरणाऱ्या यंत्राचा आवाज बदलला की ते खोलण्याआधी आवाज कशाबरोबर वाढतो आणि कशाबरोबर थांबतो हे पाहायचे, ही शिस्त तिथे अंगवळणी पडली. गाडीलाही तीच लागू होते, पण एक अडचण आहे. ॲक्सिलरेटर दाबला की तीन गोष्टी एकाच वेळी वाढतात : इंजिनचे फेरे, चाकांचे फेरे आणि इंजिनवरचा भार. त्यामुळे ‘वेग घेताना आवाज येतो’ हे वाक्य खरे असूनही त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. तिघांतला नेमका कोण आवाज करतो हे वेगळे काढणे, हेच निदानाचे निम्म्याहून अधिक काम आहे, आणि त्याला एकही पाना लागत नाही.

गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस दिली तर फक्त इंजिनचे फेरे वाढतात. चाके थांबलेली असतात आणि भार जवळपास नसतो. आवाज इथेच ऐकू आला, तर चाके, एक्सल आणि डिफरन्शियल (इंजिनचा जोर दोन्ही बाजूंच्या चाकांना वाटणारी दातेरी पेटी) लगेच संशयातून सुटतात. न आल्यास मोकळ्या, सरळ रस्त्यावर तोच वेग वेगवेगळ्या गिअरमध्ये ठेवून पाहावा : चाके तितकीच फिरतात, पण इंजिनचे फेरे बदलतात. तिसरी कसोटी म्हणजे स्थिर वेगात असताना पाय ॲक्सिलरेटरवरून अलगद उचलणे. त्या क्षणी वेग आणि फेरे जवळपास तेच राहतात, फक्त इंजिनचा जोर निघून जातो. पाय उचलताच थांबणारा आवाज भाराचा असतो. पाय उचलला काय आणि दाबला काय, वेगाप्रमाणेच चढणारा-उतरणारा आवाज चाकांच्या बाजूचा असतो. या चाचण्या करताना चालकाने रस्त्याकडेच पाहावे, फेऱ्यांचे आकडे टिपणे आणि फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करणे शेजारी बसलेल्या माणसावर सोपवावे.

माझ्या गाडीत खडखड तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी पन्नासच्या थोडे पुढे गेल्यावर यायची आणि साठच्या आत नाहीशी व्हायची. बेअरिंग आणि माउंटिंग बदलून झाल्यावर मी एका सकाळी मुलाला शेजारी बसवून हीच परीक्षा घेतली. दुसऱ्या गिअरमध्ये तीच खडखड ताशी ३५च्या आसपास आली आणि चौथ्यात ७०च्या आसपास. तिन्ही वेळा फेऱ्यांचा काटा मात्र मिनिटाला २४००च्या जवळ होता. चाकाच्या बेअरिंगला गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे हे कळण्याचा काही मार्ग नसतो. म्हणजे जे बेअरिंग मी बदलून घेतले त्याच्यावरचा आरोप दहा मिनिटांत रद्द होऊ शकला असता, आणि तेही गाडीखाली न वाकता.

आकड्यांची आवड असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. लहान गाडीच्या टायरचा घेर साधारण १.९ मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे ९ वेळा फिरते. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ज्वलने होतात. २४०० फेऱ्यांना म्हणजे सेकंदाला ८० ज्वलने. एका फेऱ्याला एकदा बसणारा चाकाचा ठोका धडधडीसारखा सुटा ऐकू येतो, तर ज्वलनाचा ८० हर्ट्झचा सूर कानात घुमतो आणि त्या कंपनसंख्येला जुळणारा एखादा सैल पत्रा किंवा नळी नेमकी तेवढ्यापुरती नाचू लागते. फेऱ्यांच्या एका अरुंद पट्ट्यातच येणारा आणि पुढे गेल्यावर विरणारा आवाज हा अशा जुळणीचा, म्हणजे अनुनादाचा, आवाज असतो. झिजलेला भाग इतका वक्तशीर क्वचितच वागतो.

पुढचे काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावर केले. गाडीचे पुढचे अंग रॅम्पवर चढवले, मागच्या चाकांना अडण्या लावल्या (केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली कोणीही कधीही शिरू नये) आणि सायलेन्सरची नळी पुढून मागे मुठीने ठोकत गेलो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (धुरातले घातक वायू निवळणाऱ्या डब्यावर) बसवलेला उष्णता अडवणारा पत्रा आला आणि पहिल्याच ठोक्याला ‘खळ्’ असा ओळखीचा आवाज निघाला. चारांपैकी मागच्या बोल्टचे डोके जागेवर होते, पण त्याच्याभोवतीचा पत्रा गंजून भोक बोल्टच्या डोक्याहून मोठे झाले होते. पत्रा बोल्टभोवती मोकळा डुलत होता आणि त्याची कड नळीला घासून तिथे पैशाएवढा चकचकीत डाग पडला होता. मोठ्या परिघाचा एक वायसर घालून तोच बोल्ट पुन्हा आवळला. दुरुस्ती एवढीच. असा सैल पत्रा काही जण चक्क उपटून फेकतात, ते मात्र करू नये. कन्व्हर्टर चालू गाडीत कित्येकशे अंश तापतो, आणि गाडीच्या तळाला, वायरींना व इंधनाच्या नळ्यांना त्या तापापासून वाचवण्यासाठीच तो पत्रा तिथे असतो. ठोकल्यावर कन्व्हर्टरच्या पोटातूनच खुळखुळ्यासारखा आवाज आला असता, तर आतली मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी फुटली असे समजावे लागले असते, आणि मग वायसरने भागले नसते.

माझा दोष फुटकळ होता, म्हणून त्यावर इतके लिहिता आले. सगळे आवाज असे नसतात, आणि काहींच्या बाबतीत उशीर महागात पडतो.

थंड इंजिन सुरू करून गाडी हलवताच येणारी टिकटिक घ्या. बहुतेक जण ती टॅपेटची (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) समजतात आणि कान खरोखर फसावा अशीच तिची रचना असते. टॅपेट कॅमशाफ्टबरोबर, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्याबरोबर, चालतो, म्हणजे इंजिनच्या दोन फेऱ्यांत एकदा वाजतो. एका सिलिंडरचा धूरही दोन फेऱ्यांत एकदाच बाहेर पडतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचे) पॅकिंग एका सिलिंडरपाशी फुंकले गेले असेल, तर दोन्ही टिकटिकींची लय तंतोतंत सारखी येते. फरक भाराने कळतो. गळतीचा आवाज ॲक्सिलरेटर दाबताच उसळतो, आणि धातू तापून फुगला की फट बुजते म्हणून काही मिनिटांत मंदावतो किंवा थांबतो. टॅपेट भाराची फारशी पर्वा करत नाही. पॅकिंगच्या कडेला काजळीची काळी रेघ दिसली, तर शंका राहत नाही. या टिकटिकीकडे दुर्लक्ष करू नये, कारण गळणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि तो पंख्याच्या हवेबरोबर आत बसणाऱ्यांपर्यंत पोहोचू शकतो.

दुसरा आवाज किणकिणीचा, ज्याला मेकॅनिक ‘नॉकिंग’ म्हणतात. वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, चढावर जोराने ॲक्सिलरेटर दाबला की पत्र्याच्या डब्यात गोट्या हलवल्यासारखे काहीतरी ऐकू येते. ठिणगीने पेटवलेली ज्वाळा सिलिंडरभर पसरण्याआधीच तिच्यापुढचे शिल्लक मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेट घेते, दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात आणि सिलिंडर सुमारे ६ ते ७ हजार हर्ट्झच्या सुरात झंकारतो. हा आवाज दडपण्यासाठी जगाने भलतीच किंमत मोजली आहे. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिज्ली यांना डिसेंबर १९२१मध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग किणकिण थांबवते असे आढळले, आणि मोटारींच्या पेट्रोलमधून ते विष जगातून पूर्णपणे जायला जुलै २०२१ उजाडावा लागला. अल्जीरिया हा ते थांबवणारा शेवटचा देश. आज इंजिनावर बसवलेला नॉक सेन्सर हीच किणकिण ऐकतो आणि संगणक ठिणगीची वेळ मागे सरकवून ती मिटवतो, त्याच्या बदल्यात गाडीचा पिकअप थोडा घटतो. म्हणून सतत ऐकू येणारी किणकिण म्हणजे त्या व्यवस्थेच्याही आवाक्याबाहेर काही गेले आहे : कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी ऑक्टेनचे (किणकिण रोखण्याच्या क्षमतेचे) पेट्रोल, ज्वलनकक्षात साठलेला कार्बन, इंजिनचे चढलेले तापमान, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) किंवा खुद्द सेन्सरचा बिघाड. चालकाने तत्काळ करायचे ते एकच, खालचा गिअर टाकायचा. इंधन वाचवण्याच्या हौसेने चौथ्या गिअरमध्ये गाडी ओढत नेणाऱ्या माझ्या पिढीतल्यांना हे सांगून पटत नाही, हा भाग वेगळा. डिझेल इंजिनात इंधन दाबानेच पेटत असल्याने थोडी टकटक त्याच्या स्वभावातच आहे. ती नेहमीपेक्षा वाढली तरच इंजेक्टरकडे पाहावे.

किणकिण आणि ‘ठक-ठक’ यांत मात्र कोणीही गफलत करू नये. इंजिनच्या तळातून, भार वाढताच जड हातोड्यासारखा ठोका येत असेल आणि त्यातच ऑइलचा लाल दिवा लागला असेल, तर कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेल्याचा दाट संशय घ्यावा आणि इंजिन तिथेच बंद करावे. गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नये, ओढून न्यावी. या एका बाबतीत मी वर सांगितलेल्या कोणत्याही चाचण्या करत बसू नये.

चाकांच्या बाजूचे आवाज त्या मानाने प्रामाणिक असतात. बेअरिंगची घरघर वेगाबरोबर चढते आणि वळणावर बदलते : उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो, तेव्हा घरघर वाढली तर डावीकडचे बेअरिंग पाहावे. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाज बदलला, तर बेअरिंगऐवजी टायरची असमान झीज तपासावी. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू वेग घेताना ‘कट-कट-कट’ झाली, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाकाला जोर पोहोचवणाऱ्या एक्सलचा वळता सांधा) गेला. सरळ रस्त्यावर जोर देताच गाडी थरथरली आणि पाय उचलताच शांत झाली, तर आतला जॉइंट संशयास्पद. दोन्हींची पूर्वसूचना चाकाच्या आतल्या बाजूला उडालेल्या ग्रीसच्या शिंतोड्यांतून मिळते. जॉइंटवरचे फाटलेले रबरी बूट (आवरण) त्याच वेळी बदलले तर जॉइंट वाचतो. एकाच गिअरमध्ये येणारी कुईं गिअरबॉक्सची असते, मात्र रिव्हर्समधली कुईं बहुतेक गाड्यांत निरुपद्रवी असते, कारण त्या गिअरचे दाते सहसा सरळ कापलेले असतात. टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र) असलेल्या गाडीत जोर देताना फुसफुस आणि त्याबरोबर गाडी उचलत नाही, असे झाले तर आधी हवेची होज आणि तिचे क्लिप पाहावे. टर्बो बदलण्याचा सल्ला त्यानंतर ऐकावा.

आता गॅरेजवाल्यांकडे वळतो. ‘स्कॅनर लावला, काही कोड नाही’ हे उत्तर मला दोनदा मिळाले. स्कॅनर सेन्सरांना जे कळते तेवढेच सांगतो. गंजलेल्या पत्र्याला आणि झिजलेल्या रबराला वायर जोडलेली नसते. गाडी लिफ्टवर उचलून इंजिन चालवून पाहिले, हेही उत्तर अपुरे आहे. लिफ्टवर चाके हवेत मोकळी फिरतात, भार नसतो, त्यामुळे भाराखाली येणारा आवाज तिथे गप्प बसतो. उलट सस्पेन्शन लोंबकळल्याने एक्सलचे कोन बदलतात आणि नसलेला आवाज निर्माण होऊ शकतो. ट्रायलला पर्याय नाही, आणि ती गाडीमालकाला शेजारी बसवून घ्यायला हवी, कारण कोणता आवाज नवा आणि कोणता पहिल्यापासूनचा, हे त्यालाच ठाऊक असते. दुरुस्तीनंतरची ट्रायल त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये व्हावी. बदललेला भाग न मागता दाखवला जावा. जॉब कार्डावर ‘तक्रार’ या एका ओळीऐवजी चार रकाने छापायला फार कागद लागणार नाही : आवाज कसा, इंजिन थंड की गरम, कोणता गिअर व किती फेरे, आणि पाय उचलल्यावर काय होते.

ग्राहकांचीही बाजू स्वच्छ नाही. ‘तुम्ही मेकॅनिक ना, मग तुम्हीच शोधा’ असे म्हणून किल्ली फेकणारे मी त्याच काउंटरवर पाहिले आहेत. डिकीत सैल पडलेला जॅक आणि दाराच्या कप्प्यातली पाण्याची बाटली खुळखुळते म्हणून गाडी घेऊन येणारेही असतात, त्यामुळे मेकॅनिकने पहिल्या तक्रारीवर विश्वास का ठेवावा, हेही मला समजते. गाडी देण्यापूर्वी ती रिकामी करून एक फेरी मारणे ही किमान सभ्यता आहे.

पत्रा घट्ट केल्यापासून खडखड बंद झाली, आणि ती बंद झाल्यामुळेच आतापर्यंत तिच्याखाली दबलेला एक बारीक आवाज ऐकू येऊ लागला आहे. पुढच्या आठवड्यात गाडी त्याच गॅरेजमध्ये न्यायची आहे. या वेळी जॉब कार्डाला लावायची चिठ्ठी मी घरूनच लिहून ठेवली आहे, ती अशी : ‘सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर, इंजिन थंड. गाडी उभी, न्यूट्रल. १५०० फेऱ्यांपर्यंत रेस दिली की पट्ट्याच्या बाजूने चिवचिव. एसी चालू केला तरी फरक नाही. हात व कपडे लांब ठेवून पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर पाण्याचे थेंब उडवले असता पाच-सहा सेकंद पूर्ण बंद, नंतर पुन्हा सुरू. इंजिन तापल्यावर येत नाही.’ पाणी उडवल्यावर आवाज वाढला असता तर पट्ट्याचा ताण कमी, आणि थांबून परत आला तर एखादी पुली रेषेबाहेर, एवढे मला माहीत आहे. तरीही निदानाची ओळ मी कोरी सोडली आहे; ती त्या तरुणाने स्वतः ऐकून भरावी.

आपला नम्र,
एक नियमित वाचक